पोटाचा डाव

आमच्या वस्तादांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. गावं राहत. त्यामुळे निपाणीच्या त्या वखारीत आम्हा कुणालाच नाव नव्हतं. खानापूर, चिक्कोडी, गडहिंग्लज, पिरनवाडी अशी हाक यायची आणि ते ते गाव घाम पुसत पुढे व्हायचं. मी संकेश्वर. आईवडिलांनी बारशाला हौसेनं ठेवलेलं माझं नाव वस्तादांनी इतक्या वर्षांत एकदाही घेतलं नाही. एकदा संकेश्वरचाच आणखी एक मुलगा शिकायला आला, तर ते त्याला परत पाठवायला निघाले. "संकेश्वर हाय की आमच्यात. आनि एक कशाला?" शेवटी त्या मुलाचं आजोळ कणगल्याचं निघालं. मग तो कणगला झाला आणि राहिला.

मी पूर्वी एमएमए खेळायचो असं सांगितलं की लोक आधी माझ्या मोडलेल्या कानांकडे बघतात. मग सांगावं लागतं की जाळीच्या पिंजऱ्यात दोघे उतरतात, ठोसे, लाथा, पकडी सगळं चालतं, आणि एक जण बेशुद्ध पडेपर्यंत, हात आपटून हार मानेपर्यंत किंवा फेऱ्या संपेपर्यंत लढत चालते. त्यावर दोन प्रश्न ठरलेले. लागत नाही का? आणि पैसे किती मिळतात? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, लागतं. दुसरा प्रश्न आला की मला वस्ताद आठवतात. त्या एका प्रश्नाच्या मागे इतका हात धुऊन लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते मूळचे मातीतले. तरुणपणी यात्रेच्या मैदानांतून त्यांचं नाव होतं, पुढे गुडघा गेला आणि लंगोट खुंटीला लागला. आमच्या पिढीची मुलं मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढती बघायला लागली तशा त्यांनीही बघितल्या, पण आवाज बंद करून. "त्यो बाबा मधीमधी बोलतोय, डाव दिसंना." बरेच दिवस बघितल्यावर त्यांनी निकाल दिला की ह्यातलं निम्मं आपल्याला येतंय, निम्मं शिकून घेऊ. एका तंबाखूच्या व्यापाऱ्यानं आपली रिकामी वखार दिली. कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेल्या मॅट आल्या, बेळगावचा एक किकबॉक्सिंगवाला रविवारी लाथा शिकवायला यायला लागला, आणि आमचं दुकान उघडलं. वखारीतला तंबाखू गेला होता, त्याची नाकाला झोंबणारी खाट मात्र भिंतीत मुरलेली होती. नवा मुलगा पहिला आठवडाभर नुसता शिंकायचा. बाहेरचा संघ सरावाला आला की वस्ताद खुशीत असायचे, कारण पाहुण्यांचं निम्मं बळ शिंकण्यातच जायचं.

त्यांना एकच हौस होती. टीव्हीवर दिसतो त्या मोठ्या पिंजऱ्यात आपल्या वखारीतलं एक पोरगं उभं करायचं. ते पोरगं म्हणजे मी, हे हळूहळू आपोआप ठरत गेलं. आणि जेवढी हौस तेवढीच भीती, की त्या पिंजऱ्यातून पोरगं बाहेर येईल तेव्हा त्याच्यात काय शिल्लक असेल. आम्हाला त्यांची हौस कळायची. भीती मात्र आम्ही विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकून मोकळे व्हायचो.

वखारीत प्रवेश घ्यायचा तर वजन, उंची, दम यांतलं काही विचारलं जात नसे. वस्ताद समोर उकिडवं बसवायचे आणि विचारायचे, "पोटाचा डाव कुठला?"

हा त्यांचा स्वतःचा शब्द. धोबीपछाड, ढाक, टांग हे मारायचे डाव. पोटाचा डाव म्हणजे हातपाय थकल्यावर जेवायला घालणारा धंदा. तो सांगता आला नाही तर मॅटवर पाय ठेवायचा नाही. खानापूरला त्यांनी आयटीआयला घातला. गडहिंग्लजला आचाऱ्याच्या हाताखाली बसवला. मला बी. पी. एड. करायला लावलं, म्हणजे खेळ शिकवणारा मास्तर होण्याची पदवी. मी कुरकुरलो. मला परदेशात लढायचं होतं, प्राथमिक शाळेत शिट्टी फुंकायची नव्हती.

"वस्ताद, मोठा फायटर झालो तर पैशाला काय तोटा?"

"आनि न्हाई झालास तर?"

"न्हाई कसा हुईन?"

"मी बी आसंच म्हनलोतो," ते म्हणाले आणि गुडघा चोळत उठले.

त्यांचा स्वतःचा पोटाचा डाव म्हणजे विड्या वळणं. निपाणीत ते बायकांचं काम. दुपारी त्यांच्या घरी जावं तर वस्ताद आणि त्यांच्या पत्नी, आमच्या आक्का, समोरासमोर, मांडीवर सूप घेऊन बसलेले. आक्का पानं कापायच्या. वस्तादांच्या केळ्यासारख्या बोटांत ते इवलंसं पान नाहीसं व्हायचं आणि विडी होऊन बाहेर यायचं. गल्लीतल्या बायका त्यांची मनसोक्त थट्टा करायच्या आणि ते ती खुशाल करून घ्यायचे. आम्हालाही कधी कधी सुपाशी बसवत, बोटांची पकड घट्ट होते म्हणून. एवढ्या विड्या वळणाऱ्या त्या माणसानं आयुष्यात एक झुरका घेतला नाही, आणि आमच्यातल्या कुणाच्या तोंडाला वास आला तर बैठका मारून मारून त्याचा जीव अर्धा व्हायचा.

आता पैशांचं. आमच्या खेळात पैसे दोन भागांत असतात. एक उतरण्याचे आणि दुसरे जिंकण्याचे. हरलात की दुसरा भाग गेला. त्यातून तपासण्या बहुधा स्वतःच्या, खुराक स्वतःचा, आणि लढत वर्षातून जेमतेम दोनतीनदा. शेवटच्या क्षणी समोरच्याचं बोट मोडलं तर तीही गेली. रेकॉर्डवर दोन हारी लागल्या की फोन यायचे बंद. हे सगळं वस्तादांनी बोटावर बोट आपटत समजून घेतलं होतं. पण ते सर्वांत जास्त खवळायचे ते करारातल्या एका कलमावर. मिळालेली रक्कम कुणाला सांगायची नाही, अशी सही घेतात.

"मैदानात इनाम भोंग्यावरनं सांगत्यात," ते म्हणायचे. "म्हातारीकोतारी सुदीक ऐकत्यात, ह्या जोडीला किती. आनि हितं लपवायचं? लपवून कोन पैसा देतंय मर्दा?"

बेंगळुरूच्या एका हॉटेलात आमची वजनं घेतली जात होती. मोठा हॉल, मागे रंगीत पडदा, फोटोवाले. माझ्यासमोर आसामकडून आलेला एक मुलगा. आम्ही दोघं नाकाला नाक लावून, रागानं बघितल्यासारखं करत उभे होतो. तेवढ्यात वस्ताद आमच्या मध्ये शिरले आणि त्या मुलाला विचारू लागले, "ए बाळ, तेरेको कितना देताय रे ये लोग?"

हॉल गार. मुलगा भांबावला आणि खरं ते सांगून बसला. माझ्यापेक्षा बरंच कमी.

"कोच, ये सब पूछने का नहीं," आयोजकांचा माणूस धावत आला.

"क्यूं नहीं? चोरी का पैसा है क्या? ये बच्चा इतने दूर से आया, इसको कम कायकू?"

मी त्यांच्या शर्टाला धरून ओढत होतो. माझा वस्ताद माझ्याच प्रतिस्पर्ध्यासाठी भांडत होता. भांडण बाहेरच्या पॅसेजमध्ये गेलं, तिथून जिन्यात गेलं, आणि शेवटी त्या मुलाची रक्कम माझ्याबरोबरीची करूनच वस्ताद वर आले. दुसऱ्या दिवशी त्या मुलानं मला तिन्ही फेऱ्यांत कुटलं आणि गुणांवर जिंकला. परतीच्या बसमध्ये मी तोंड फुगवून खिडकीशी बसलो होतो. वस्ताद मात्र कौतुकानं सांगत होते, "बघितलास? पोटाला मिळतंय म्हनल्यावर कसा लढला पोरगा!"

हरून आलं की त्यांच्या घरी मटण. जिंकून आलं तरी मटणच, पण पंगतीची रीत वेगळी. हरलेल्याला आधी वाढायचं, आणि जिंकलेल्यानं वाढायचं. नळी हरलेल्याच्या ताटात. "जितल्याला समदी इचारत्यात," आक्का रस्सा ओतत म्हणायच्या, "तुला कोन इचारनार रं बाबा, खा." त्या वेळी पांढऱ्या रश्श्याचा घोट घेताना मला दोनदा रडू आलंय, आणि दोन्ही वेळा मी मिरी लागल्याचं सांगितलं. ते कुणालाही पटलं नव्हतं.

पण हरावं कसं याचा नमुना म्हणजे माझी पहिलीच लढत. ती गोव्यात झाली. दोन गाड्या भरून आमची माणसं आली होती. पहिल्याच फेरीत मी समोरच्याच्या कमरेत हात घातला, उचलला आणि सपशेल पाठीवर टाकला. दोन्ही खांदे जमिनीला. आपल्याकडे कुस्ती तिथे संपते. लहानपणापासून अंगात मुरलेलं ते. मी उठलो, हात वर केले आणि वस्तादांच्या पाया पडायला कोपऱ्याकडे वळलो. मला अडवायला हवं होतं त्या वस्तादांनी, आणि ते तर आधीच जाळीवर चढलेले. "झाली! कुस्ती झाली!" म्हणत त्यांनी डोक्यावरची टोपी हवेत उडवली. आमची सगळी माणसं उठून नाचायला लागली. एकानं हलगी आणली होती, तीही कडाडली. आमच्या बाजूच्या एकाही माणसाला शंका आली नाही की लढत अजून चालू आहे. खाली पडलेला गोव्याचा पोरगा बिचारा गोंधळला. इकडे तिकडे बघितलं, पंचांकडे बघितलं, उठला आणि माझ्या कानाखाली एक लाथ दिली. हलगी मध्येच थांबली, एवढंच मला आठवतं.

शुद्धीवर आलो तेव्हा वस्ताद माझं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. "चूक माझी रं," ते म्हणत होते. "तू वळलास ते वळलास, मी टोपी कशाला उडवली?"

त्यानंतर ते कोपऱ्यात उभे राहताना तोंडात अख्खी सुपारी धरायला लागले, म्हणजे ओरडता येऊ नये. तरीसुद्धा वखारीत कुणाची पाठ मॅटला लागली की सुपारीमागून "झा..." असा आवाज यायचाच. मग ते स्वतःच्याच गालावर चापट मारून घ्यायचे.

आता थांब्यांचं सांगतो. सरावाची मारामारी झाली की वस्ताद प्रत्येकाला समोर उभं करायचे, डोळ्यांत बघायचे आणि म्हणायचे, "चल, बेळगाव." म्हणजे निपाणीपासून बेळगावपर्यंतचे एसटीचे थांबे क्रमानं म्हणायचे. निपाणी, स्तवनिधी, कणगला, संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरी, काकती, बेळगाव. कधी उलटे म्हणायला लावायचे. कुणी अडखळला तर तो दिवसभर मॅटवर यायचा नाही आणि पुढचे आठ दिवस त्याच्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही. बाहेरचे कोच हसायचे, हा माणूस पोरं पिंजऱ्यासाठी तयार करतो की कंडक्टरकीसाठी, म्हणून. आम्हीही हसायचो.

त्यामागचं कारण वखारीच्या कट्ट्यावर बसलेलं असायचं. आप्पा म्हणजे वस्तादांचे थोरले भाऊ. ते सैन्यात होते आणि पलटणीकडून बॉक्सिंग करायचे. कपाट भरून ढाली आणल्या होत्या त्यांनी. रिटायर होऊन आल्यावर एकदा बेळगावहून येताना ते निपाणीला उतरायचंच विसरले आणि कोल्हापुरात जाऊन बसले. घरच्यांनी ते हसण्यावारी नेलं. मग एकेक थांबा विसरत गेले, मग घर, मग माणसं. वस्ताद रोज सकाळी त्यांना आंघोळ घालून, धुतलेला शर्ट घालून, हाताला धरून कट्ट्यावर आणून बसवायचे. आप्पा प्रत्येकाला एकच विचारायचे, "कुनाचा रं तू?" वस्तादांनाही विचारायचे. वस्ताद वडिलांचं नाव सांगायचे.

"व्हय? त्येंचा?" आप्पांना खराखुरा आनंद व्हायचा. "मग आपलाच की. बस."

आणि वस्ताद बसायचे. दिवसातून कितीतरी वेळा हे चालायचं, आणि दर वेळी वडिलांचं नाव पहिल्यांदा सांगावं तसं सांगायचे. कंटाळल्याचं मी कधी पाहिलं नाही. एकदाच म्हणाले होते, "तवा त्येच्या डोस्क्याचा हिशेब कोन ठेवला न्हाई रं. ढालीच मोजत बसलो आमी."

पुढे माझे दिवस पालटले. आसामच्या मुलाकडून हरल्यानंतर मी हरलोच नाही. लढती मोठ्या होत गेल्या आणि एक दिवस मुंबईहून जोड्या लावणाऱ्या माणसाचा फोन आला. ज्या मोठ्या पिंजऱ्याचं वस्तादांनी स्वप्न बघितलं, तोच. परदेशात लढत, पुढच्याही लढतींचा करार, समोर हरियाणाचा एक गाजलेला मुलगा. मी लढलो तर आमच्या वखारीला अधिकृत प्रशिक्षण केंद्र करणार आणि वस्तादांना महिन्याचा पगार सुरू होणार, असंही कबूल झालं. वस्तादांनी ही बातमी स्टँडवर सांगितली, भाजी मंडईत सांगितली, गल्लीतल्या बायकांना सांगितली. आक्का सुपावरचा हात थांबवून म्हणाल्या, "म्हंजे आता पानं कापायचं सुटलं म्हना की." फ्लेक्सवाल्यानं फायटरचं पूर्ण नाव विचारलं तेव्हा वस्तादांची पंचाईत झाली. मला दुकानात बोलावून घेतलं, आणि मी नाव सांगितल्यावर म्हणाले, "बरं हाय की नाव."

सहीला मुंबईला जायच्या आधीच्या आठवड्यात मी खानापूरशी सराव करत होतो. त्याचा एक ठोसा माझ्या कानशिलावर बसला. मी पडलोसुद्धा नाही, उलट पुढे होऊन त्यालाच खाली घेतला. दोघंही हसत उठलो.

"चल, बेळगाव," वस्ताद म्हणाले.

मी एका दमात म्हणालो, "निपाणी, स्तवनिधी, कणगला, हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरी, काकती, बेळगाव."

"परत."

मी परत म्हणालो, तसंच. बाजूला उभा असलेला कणगला हसायला लागला आणि मध्येच गप्प झाला.

"संकेश्वर कुठं गेलं?" वस्तादांनी हळू आवाजात विचारलं.

"कुठलं संकेश्वर?" मी म्हणालो.

ते शब्द तोंडातून गेले आणि लगेच मला सगळं आठवलं. घर, आई, पेठ, सगळं. मी मोठ्यानं हसलो. "अहो, चेष्टा केली." माझ्या हसण्यात कुणीच सामील झालं नाही. वस्तादांनी माझे ग्लोव्ह्ज स्वतः सोडले. "साकु," ते म्हणाले. लढत थांबवायला ते हा कानडी शब्द वापरायचे, पुरे म्हणायला. मग त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि ऐकायला कमी येतं म्हणून नेहमीसारखा स्पीकरवर टाकला.

"लडका नहीं आयेगा साब."

पलीकडच्याला वाटलं की पैशांची घासाघीस आहे. रक्कम वाढवतो म्हणाला.

"नहीं, पैसा बहोत है. उसका गांव गुम गया."

"गांव? बाढ़ आई क्या?"

"वैसाच समझो."

तो माणूस चिडला. हा लडका नाही तर मग केंद्रही विसरा, पगारही विसरा, पुन्हा फोन करू नका, असं सगळं बोलला. वखारीत आम्ही सगळे ऐकत होतो. वस्ताद फोनकडे बघत म्हणाले, "मालूम है साब," आणि फोन ठेवला.

मी पिसाळलो. "माझी लढत हाय वस्ताद! तुमी कोन सोडनार?"

"कोन न्हाई. पुन्यात लई कोच हाईत, तिकडं जा, लढ. माझ्याच्यानं तुझ्या कोपऱ्यात उभं ऱ्हावनार न्हाई."

"एक शब्द विसरला तर एवढं?"

आप्पांना उन्हातून सावलीत बसवायची वेळ झाली होती, वस्ताद बाहेर गेले.

पुण्याच्या एका जिमशी मी खरंच बोललो. ते तयार होते, मुंबईवालाही तयार होता. बेळगावच्या मेंदूच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो बघून सांगितलं, आज यात फारसं काही दिसत नाही, पुढच्या माराचं मात्र मी सांगू शकत नाही. म्हणजे निर्णय माझ्यावर आला. तिकीट काढलं आणि माझे ग्लोव्ह्ज, पॅड घ्यायला वखारीवर गेलो. वस्ताद आत मुलांना शिकवत होते. कट्ट्यावर आप्पा एकटेच.

"कुनाचा रं तू?"

मी सांगितलं. वडिलांचं नाव, संकेश्वर, पेठेतलं घर. ते लक्ष देऊन ऐकत होते. "बस की," म्हणाले. मी बसलो. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात हातात घेतला, बोटांची हाडं चाचपली आणि चेहरा एकदम उजळला. "बॉक्सर काय रं तू?" त्यांना फक्त तेवढंच ओळखू आलं होतं. मी खूप वेळ तिथे बसून राहिलो. मग ग्लोव्ह्ज न घेताच घरी गेलो. पुण्याला गेलो नाही.

आता मी खानापूरच्या एका हायस्कूलात खेळाचा मास्तर आहे. रागानं केलेली ती पदवी कामाला आली. मुली खो-खो छान खेळतात, मुलगे आळशी आहेत. वखार अजून चालू आहे. केंद्र मिळालं ते दुसऱ्या कुणाला तरी. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. वस्ताद आणि आक्का अजून समोरासमोर सूप घेऊन बसतात.

गेल्या दिवाळीनंतर वस्ताद माझ्याकडे आले होते. रविवार होता. पुड्यात बांधून आक्कांनी चकल्या दिल्या होत्या. टीव्हीवर नेमकी त्या हरियाणाच्या मुलाची लढत लागली. आता तो मोठा माणूस झालाय. घर, गाडी, जाहिराती सगळं आहे. आम्ही दोघं बघत होतो, अर्थात आवाज बंद करून. तो जिंकला. इतक्या वर्षांत मी जे बोललो नव्हतो ते त्या दिवशी बोललो.

"वस्ताद, ह्याला मी हरवला असता."

मला वाटलं, ते विषय बदलतील. त्यांनी लगेच मान हलवली. "व्हय की. पयल्या फेरीतच. त्येचा डावा पाय कच्चा हाय, अजून सुदीक. तू टीव्हीवर आला असतास, माझा फोटो आला असता, आक्कीचं पानं कापायचं सुटलं असतं. समदं झालं असतं."

"मग?"

त्यांनी चहाचा घोट घेतला. टीव्हीवरच्या मुलाच्या खांद्यावर झेंडा घालत होते, ते जरा वेळ बघितलं.

"आनि आज मी चकल्या घिऊन तुझ्या दारात आलो असतो, तर तू दार उघडून म्हनला असतास, कोन पायजे आजोबा?"

मी टीव्ही बंद केला. बायको आतून विचारत होती की वस्ताद जेवून जाणार का. मी तिला हो म्हणून सांगितलं.